नाच पाहण्याचा की नाचण्याचा?

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कसारख्या वस्तीत नवरात्रात गरब्याचे वर्तुळ फिरू लागले म्हणजे त्यात कोणीही शिरू शकतो. पाऊल सर्वांचे एकच असते. ते दोन फेऱ्यांत उमगते आणि शेजारच्या इमारतीतील आजीही टाळी देत पुढे सरकते. पण बक्षिसे जाहीर झाली की चित्र पालटते. वेषभूषा, सराव, परीक्षक यांचे राज्य सुरू होते आणि आजी खुर्चीवर जाऊन बसते.

इंग्लंडात ज्याला ‘सीक्वेन्स डान्सिंग’ म्हणतात, त्याचे तत्त्व या वर्तुळापासून फार दूर नाही. बहुधा सोळा आवर्तनांचा ठरलेला पदक्रम सर्व जोड्या एकाच वेळी करतात आणि पुनःपुन्हा करतात. ब्लॅकपूलचा प्रसिद्ध नृत्यमहोत्सव १९२० साली सुरू झाला, तेव्हा स्पर्धा होती ती वॉल्ट्झ, टू-स्टेप व फॉक्सट्रॉट या तीन तालांवर नवे पदक्रम रचण्याची. जिंकलेली रचना पुढे इतरांनी नाचावी, हा त्यातला शहाणपणा होता.

हे सारे परके, असे म्हणून चालणार नाही. गोव्यातील सासष्टीच्या दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो म्हणजे असेच सामुदायिक नृत्य. स्त्रिया व पुरुष समोरासमोर रांगेत उभे राहतात, संथ पावलांनी पुढे येतात, मागे जातात, बाजू बदलतात. स्त्रियांच्या हाती पंखा असतो, स्पर्श बेताचाच असतो. मांडोच्या धीम्या लयीमागून दुलपदाची द्रुत लय येते. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत आजही वधूवरांच्या मागून जोड्यांची ‘ग्रँड मार्च’ निघते, ती याच पठडीतली.

मराठी मध्यमवर्गाने मात्र ‘बॉल डान्स’ या शब्दाला नेहमीच नाक मुरडले. हिंदी चित्रपटाने क्लबातील नाच खलनायकाच्या अड्ड्याशी जोडून दिला. २००५ साली डान्सबारवर बंदी आली, तिची न्यायालयीन लढाई २०१९ पर्यंत चालली आणि या गदारोळात नाच म्हटले की भलतेच डोळ्यांसमोर येऊ लागले. गंमत अशी की १९५१ च्या ‘अलबेला’तील भगवानदादांचे पाऊल आपण विसर्जनाच्या मिरवणुकीत बिनदिक्कत उचलतो. त्या चित्रपटाच्या संगीतात सी. रामचंद्रांबरोबर गोव्याचे वादक चिक चॉकलेट होते, हे कितीजणांना ठाऊक असते?

प्रश्न केवळ हौसेचा नाही. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ वृद्धांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. तीत पाहिलेल्या शारीरिक हालचालींपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी संबंध दिसला तो एकट्या नृत्याचा. नाचल्यामुळेच मेंदू शाबूत राहिला, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. मेंदू शाबूत असलेलेच नाचत असतील. तरीही निवृत्त शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र पाऊल टाकण्यात तोटा तो कोणता?

अडचण जागेची आहे. गृहसंस्थांची सभागृहे साखरपुड्यांना आणि वार्षिक सभांना मिळतात. ज्येष्ठांच्या नाचासाठी अर्ज केला तर कार्यकारिणी हसेल. शिवाय गुळगुळीत फरशीवर साठीच्या माणसाचा पाय घसरतो, तेव्हा चपला कोणत्या हाही विचार हवा. स्पर्धा हवीच असेल तर ती ब्लॅकपूलच्या पहिल्या वर्षासारखी घ्यावी: लावणीच्या ठेक्यावर, कोळीगीताच्या लयीवर सोळा आवर्तनांचा सोपा पदक्रम कोण बसवतो ते पाहावे. परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी तो स्वतः नाचून बघावा आणि खुर्चीवरच्या आजीला तो दोन फेऱ्यांत जमला तरच बक्षीस द्यावे.