गॅमा किरणांचा स्फोट कसा मोजतात?

पावसाळ्याच्या तोंडावर रात्री लांबवर वीज चमकते, पण गडगडाट मात्र ऐकू येत नाही. अशा वेळी ती वीज किती दूर होती हे कसे सांगणार? गडगडाट ऐकू आला असता तर सेकंद मोजून अंतर काढता आले असते. नुसत्या लखलखाटावरून जवळची लहान ठिणगी कोणती आणि दूरची प्रचंड वीज कोणती, हे ठरवता येत नाही. गॅमा किरणांच्या स्फोटांबाबत खगोलशास्त्रज्ञांची तीस वर्षे नेमकी हीच अडचण होती.

वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुस्फोट चाचण्या करू नयेत असा करार १९६३ साली झाला. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला. त्याचे स्वरूप अणुस्फोटासारखे नव्हते. ही नोंद लॉस अलामॉस येथील क्लेबेसाडेल आणि ओल्सन यांच्या नजरेस आली ती १९६९ मध्ये.

गॅमा किरणांना भिंगाने किंवा साध्या आरशाने एकत्र आणता येत नाही. ते आरपार जातात किंवा शोषले जातात. त्यामुळे त्यांचा 'फोटो' काढणे कठीण. उपग्रहावर सोडियम आयोडाइडसारखा स्फटिक ठेवतात. गॅमा फोटॉन त्यात शोषला गेला की अंधुक प्रकाश चमकतो. विद्युत मंडल त्या चमकेची नोंद घेते. चमक जितकी तेजस्वी, तितकी फोटॉनची ऊर्जा जास्त. म्हणजे किती फोटॉन, किती ऊर्जेचे आणि केव्हा आले, हे कळते. कुठून आले, हे मात्र एकटा स्फटिक सांगत नाही.

यावर उपाय सापडला तो घड्याळात. समजा, दोन उपग्रह एकमेकांपासून २,४०,००० किलोमीटर अंतरावर आहेत आणि एकाला झोत दुसऱ्यापेक्षा ०.४ सेकंद आधी मिळाला. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर. तेव्हा दुसऱ्या उपग्रहापर्यंत जाण्यासाठी झोताला १,२०,००० किलोमीटर जादा जावे लागले. या दोन अंतरांचे गुणोत्तर १/२ आहे. ज्या कोनाची कोज्या १/२ तो कोन ६० अंशांचा. म्हणजे उपग्रहांना जोडणाऱ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करून झोत आला. (दहावीच्या वर्गात फळ्यावर हे गणित अवश्य करून पाहावे. त्रिकोणमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्यांना ते बरे उत्तर आहे.) पण असा कोन करणाऱ्या दिशा अनेक असतात, त्यांचे आकाशात एक वर्तुळ होते. तिसऱ्या उपग्रहामुळे दुसरे वर्तुळ मिळते आणि ती दोन्ही दोन बिंदूंत छेदतात.

नंतरच्या वेला उपग्रहांची घड्याळे सेकंदाच्या १/६४ भागापर्यंत वेळ नोंदवत. तेवढ्यावरून झोत पृथ्वीकडून किंवा सूर्याकडून येत नाहीत हे सिद्ध करता आले. जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातील अशा १६ स्फोटांची माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.

पण किती दूर? १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन उपग्रहाच्या आठ कोपऱ्यांवर आठ शोधक होते. तिरप्या उन्हात धरलेला कागद कमी ऊन झेलतो, तसेच झोताकडे तिरपा असलेला शोधक कमी फोटॉन झेलतो. आठ आकड्यांची तुलना करून दिशा काही अंशांपर्यंत ठरे. नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले गेले. ते आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नव्हते, साऱ्या आकाशात सारखे विखुरलेले होते. तरीही वाद मिटला नाही. काहींच्या मते ते आकाशगंगेभोवतीच्या प्रचंड गोलाकार प्रदेशात होत होते, तर काहींच्या मते दूरच्या दीर्घिकांमध्ये. वादाचे मोल लहान नव्हते. समजा, अंतर साडेतीन लाख प्रकाशवर्षांऐवजी ७०० कोटी प्रकाशवर्षे निघाले, तर ते २०,००० पट झाले. तेजस्विता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून स्फोटाची ऊर्जा ४० कोटी पट मानावी लागेल! (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रत्यक्षात आकडा याहूनही मोठा येतो.)

इटली आणि नेदरलँड्स यांच्या 'बेप्पोसॅक्स' उपग्रहाने हे कोडे सोडवले. त्यावरील क्ष-किरण कॅमेऱ्यासमोर ठरावीक नक्षीची भोके पाडलेला पत्रा होता. जाळीच्या खिडकीतून आलेले कवडसे जमिनीवर कुठे पडतात त्यावरून सूर्य कोठे आहे ते कळते. इथेही तीच युक्ती. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी झालेल्या स्फोटाची दिशा काही तासांतच काही कलांपर्यंत निश्चित झाली. चंद्रबिंब सुमारे ३० कला रुंद दिसते, यावरून अचूकतेची कल्पना येईल. आठ तासांनी उपग्रहाची क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली, तेव्हा स्फोटामागे राहिलेली धग सापडली. ला पाल्मा बेटावरील दुर्बिणीलाही तेथे एक मंद, विझत जाणारा ठिपका दिसला.

उरलेले काम ८ मे १९९७ च्या स्फोटाने केले. हवाईतील केक दुर्बिणीने त्याच्या धगीचा वर्णपट घेतला. मॅग्नेशियमची जी रेषा प्रयोगशाळेत २७९.६ नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील भागात असते, ती सुमारे ५१३ नॅनोमीटरवर, हिरव्या रंगात आढळली. लोहाच्या रेषाही त्याच प्रमाणात, १.८३५ पट, सरकलेल्या होत्या. प्रकाश वाटेवरच्या वायूमधून आला तेव्हा त्या रेषा उमटल्या, म्हणून स्फोट निदान तितका तरी दूर असलाच पाहिजे. तो प्रकाश किमान ७०० कोटी वर्षे प्रवास करीत होता!

लगेच दुसरी अडचण उभी राहिली. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना सारखी गेली असे मानले, तर ती सूर्याचे संपूर्ण वस्तुमान ऊर्जेत बदलल्यावर मिळेल तिच्याहून अधिक भरली. आमच्या मते मापन चुकले नव्हते, गृहीत चुकले होते. त्याची धग सुमारे दोन दिवसांनी अधिक झपाट्याने मावळू लागली. बॅटरीच्या झोतासारखी ऊर्जा अरुंद शंकूतून बाहेर पडत असल्याची ती खूण होती. आपल्याकडे तोंड नसलेले असे कितीतरी स्फोट आपल्याला दिसतच नाहीत.

भारताचा 'अ‍ॅस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे 'आयुका' यांचा ज्यात मोठा वाटा आहे, त्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणावरही भोकांचा पत्रा आहे. पण सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेच्या किरणांना उपकरणाच्या बाजूच्या भिंती अडवू शकत नाहीत. एरवी हा दोष ठरला असता. येथे मात्र त्यामुळे बाजूने आलेले स्फोटही नोंदता येतात. ४ जानेवारी २०१७ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदल्या गेल्या. त्या दिशेच्या आसपास शोध घेताना झपाट्याने मंदावणारा एक प्रकाशबिंदू सापडला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघतो की काय? लहरी आल्या त्या क्षणी अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदीत काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या, ५ जानेवारीच्या नोंदीत मात्र गॅमा किरणांचा स्फोट होता, आणि प्रकाशबिंदू ज्या गतीने विझत होता त्यावरून मागे हिशेब केला, तर त्याचा आरंभ त्या स्फोटाशीच जुळत होता.