बारा छायाचित्रांची सहल

"शनिवार-रविवारी कुठे निघालात?" या प्रश्नाला "मीरा-भाईंदर हिंडायला" असे उत्तर देऊन पाहा. समोरचा गृहस्थ क्षणभर तुमच्याकडे निरखून पाहतो आणि मग अदबीने विचारतो, "फ्लॅट बघताय वाटतं?" बिचाऱ्याचा तरी काय दोष? मुंबईच्या उत्तर सीमेला चिकटून असलेले हे गाव म्हणजे लोकलच्या गर्दीत उभे राहून जायचे आणि तसेच उभे राहून परतायचे ठिकाण, अशीच आपली समजूत! १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतीत वस्ती आठ लाखांच्या वर गेली. इतकी माणसे जेथे राहतात तेथे पाहण्यासारखे काही नसेल, हे आम्हांला पटेना. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघांनी दोन दिवसांची पायी रपेट आखली. बरोबर कॅमेरे होते.

मंडळी चार तऱ्हांची. गणित शिकवणारे माझे एक सहकारी, त्यांच्या गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. माझी भाची, तिच्या हातात मोबाइल. ती मिनिटाला दहा छायाचित्रे काढते आणि त्यांपैकी एकही पुन्हा पाहत नाही. आणि आमच्या शेजारचे काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री! आपल्या वाचकांपैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांना हा डबा आठवेल. बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारा हा कॅमेरा एके काळी मध्यमवर्गीय घरातल्या लग्नामुंजींचा साक्षीदार होता. त्यात भानगड अशी नाहीच. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची. फिल्मची एक गुंडाळी घातली की बारा छायाचित्रे. तेरावे म्हटले तर मिळत नाही.

काकांनी गाडीतच फर्मान काढले, "दोन दिवसांत प्रत्येकाने बाराच काढायची. माझ्या डब्याला जो नियम, तोच तुमच्या यंत्रांना!" भाचीने कुरकुर केली, गणितज्ञांनी हिशेब मांडला, माणशी दिवसाला सहा. मला स्वतःला हा नियम फार आवडला. कारण बाराच काढायची म्हटल्यावर माणूस आधी पाहतो.

भाईंदरला उतरून पश्चिमेला निघालो. राई, मुर्धे, मोर्वे ही गावे उत्तनच्या रस्त्यावर एकापाठोपाठ लागतात. इमारतींची रांग संपते न संपते तोच मिठागरे दिसू लागतात. कोकणात 'आगर' म्हटले की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांपुढे येते. येथे आगर म्हणजे मिठाचे वाफे. याच शब्दावरून आगरी समाजाचे नाव पडले. खारे पाणी आणि गोडे नारळ यांना एकच नाव देणारी आपली भाषा मला मोठी समंजस वाटते. दोन्ही ठिकाणी माणूस बांध घालतो, पाणी वळवतो आणि वाट पाहतो.

मीठ पिकते कसे, हे आम्हांला तिथल्या एका वयस्क मुकादमाने बांधावर उभ्या उभ्या समजावले. पावसाळा सरला की बांधबंदिस्ती करायची, वाफ्यांचा तळ चोपून घट्ट करायचा. उधाणाच्या भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत न्यायचे. प्रत्येक मुक्कामाला ऊन आणि वारा त्यातला आपला वाटा उचलतो. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यात क्षार साडेतीन किलोच्या आसपास. ते पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर आले, की मग कुठे मिठाचे दाणे तळाशी बसू लागतात. ते लाकडी फावड्याने ओढून बांधावर राशी घालतात. हे काम करणारे पुष्कळ मजूर पालघर-डहाणूकडचे आदिवासी. हंगामापुरते येतात आणि पाऊस दिसू लागला की परततात. त्यांच्या पायांना पडलेल्या भेगा पाहिल्यावर 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार वर्गात पूर्वीइतक्या सहजपणे शिकवता येत नाही.

आता छायाचित्रणाची एक गंमत सांगतो. सूर्य वर आला, मिठाची रास चांदीसारखी चमकू लागली आणि गणितज्ञांनी मोठ्या ऐटीत पहिले चित्र घेतले. पडद्यावर पाहतात तो रास राखेसारखी! कॅमेऱ्याला शुभ्र म्हणजे काय हे कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचेच आहे असे धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून मीठ, बर्फ, पांढरे लुगडे यांचे चित्र घेताना त्याच्या मापापेक्षा थोडा जास्तच प्रकाश आत सोडावा लागतो. काकांच्या डब्याला प्रकाश मोजताच येत नाही. त्यामुळे तो या फसवणुकीतून वाचला.

मीठ आणि छायाचित्र यांचे नाते तसे जुनेच. इंग्लंडात टॅल्बट या गृहस्थाने १८३०-४० च्या दशकात कागद मिठाच्या पाण्यात भिजवून त्यावर चांदीचा क्षार चढवला आणि त्या कागदावर प्रकाशाची पहिलीवहिली चित्रे उतरवली. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची युक्ती जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांचे मंडळ उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळात होते. मुंबईकराला कॅमेऱ्याचा नाद काही मोबाइलने लावलेला नाही!

बांधांवर शेकाट्या आणि बगळे संथपणे फिरत होते आणि त्यांच्या मागे तीस-तीस मजल्यांच्या इमारती. भाचीने एकाच चौकटीत दोन्ही बसवले. तिच्या बारांतले हे सर्वांत चांगले. मुंबईतील कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. भाईंदरची आगरे त्या यादीत नाहीत. पण मुकादमाचा मुलगा मात्र आगरात उतरत नाही, मॉलमध्ये नोकरी करतो. "माझ्यामागं कोण?" असे मुकादमाने विचारले, उत्तराची अपेक्षा त्यालाही नव्हती.

संध्याकाळी रिक्षाने घोडबंदरच्या किल्ल्यावर जाऊन आलो. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला खाडीकाठच्या टेकडीवर आहे. उजेड कमी होता आणि पाय दुखत होते, एवढेच त्या भेटीबद्दल सांगण्यासारखे.

रविवारी पालिकेच्या बसने उत्तन गाठले, तेथून चौक. या सगळ्या टापूचे जुने नाव धारावी बेट. मुंबईच्या धारावीशी त्याचा घोटाळा करू नये. चौकच्या टेकडीवर जंजिरे धारावी किल्ल्याचे थोडेसे अवशेष आहेत. जवळच चिमाजी अप्पांचा पुतळा. वर उभे राहिले की कोडे आपोआप सुटते: समोर वसईच्या खाडीचे मुख आणि पलीकडे वसईचा किल्ला. धारावी ज्याच्या हाती, त्याच्या हाती वसईला समुद्राकडून येणारी रसद. १७३९ साली मराठ्यांनी धारावी काबीज केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. नकाशात वाचलेला इतिहास निराळा आणि वाऱ्यात उभे राहून पाहिलेला निराळा. आता भाईंदरहून वसईला जाण्यासाठी २०२४ पासून रो-रो बोट आहे; गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि तीस-पस्तीस किलोमीटरांचा वळसा वाचतो.

खाली उतरलो तो ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीत. चर्चमधली प्रार्थना आटोपून माणसे परतत होती. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, त्यांचा वास तुम्ही कल्पनेनेच घ्यावा. मांडवाशी एक साठीची बाई बसली होती. गणितज्ञांनी लांब भिंग तिच्याकडे वळवले मात्र, ती कडाडली, "विचारायचं नाय काय?"

ते ओशाळले. "चुकलं मावशी," म्हणाले.

"फोटो सगळेच नेतात. आणून कोण देतो?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. रंगीबेरंगी होड्या, सुरकुतलेले चेहरे, वाळते मासे. शहरातून येणारी मंडळी हे सारे टिपून नेतात, त्यांवर बक्षिसेही मिळवतात. ज्याचा चेहरा, त्याच्या घरी मात्र एक प्रतही पोचत नाही. बाईने ते दोनच वाक्यांत सांगितले.

काका तिच्यासमोर खाली बसले. डबा तिच्या हाती देत म्हणाले, "यात एकच उरलाय. तुम्ही सांगाल त्याचा काढतो. आणूनही देतो."

तिने डबा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "माझा नको. घराचा काढा." मागे तिचे कौलारू घर होते, पुढे लाकडी खांबांचा ओटा. ईस्टर झाला की ते पाडायचे होते. मुलाने दोन मजल्यांचे पक्के बांधायला काढले होते. "पक्कं बरंच," ती म्हणाली, "पावसात गळतं हे." तरी काकांनी डोळा लावला तेव्हा ती पदर सावरून बाजूला सरकली, ओट्यावरचे प्लास्टिकचे पिंप तिने उचलून नेले आणि दार अर्धे उघडे ठेवले. काकांनी तब्बल पाच मिनिटे घेतली. मग एकच 'खट्'.

आता फिल्म धुणारी दुकाने बोटांवर मोजण्याइतकी. महिना गेला, वर आणखी काही दिवस. मेच्या अखेरीस आम्ही मोठ्या आकाराची प्रत घेऊन पुन्हा चौकला गेलो. घराच्या जागी पाया खणलेला होता आणि बाई दिराच्या ओसरीवर बसली होती. तिने चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ आणले. मग सुनेला हाक मारली आणि अर्ध्या उघड्या दारातल्या काळोखावर बोट ठेवले. आम्ही वाकून पाहिले. आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते: आत एका खुर्चीचा हात आणि एक पाय अंधुक दिसत होता.

"सासऱ्याची खुर्ची," ती म्हणाली. "पाडताना मोडली."

काकांनी पिशवीतून पेन्सिल काढून चित्रामागे तारीख घातली. तोवर तिचा हिशेब झालाही होता: आणखी दोन प्रती लागतील, एक दिराला, एक वसईच्या नणंदेला.