घरबसल्या गणित व पदार्थविज्ञान

सतवास, कन्नोड, खातेगाव या पट्ट्यातील पुष्कळ कुटुंबांत दहावीच्या निकालानंतर एकच विचार सुरू होतो: मुलाला विज्ञान शाखेत घालावे काय? गणित व पदार्थविज्ञान यांची शिकवणी म्हटली की इंदूरचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. मुलगी असली तर पुष्कळदा खर्चाचा हिशेब होण्याआधीच नकार येतो. अशा आईबापांनी हे ध्यानात घ्यावे की, या दोन्ही विषयांचे उत्तम शिक्षण आज इंटरनेटवर विनामूल्य मिळते. साधने मात्र इतकी विपुल आहेत की, विद्यार्थी दहा ठिकाणी डोकावतो आणि एकाही ठिकाणी स्थिरावत नाही.

यास्तव प्रथम क्रम ठरवावा. पाया पाठ्यपुस्तकाचाच असावा. एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून हिंदीत व इंग्रजीत फुकट उतरवून घेता येतात. मराठीतून ज्यांना अधिक उमगते त्यांच्यासाठी पुण्याच्या बालभारतीची पुस्तकेही तशीच उपलब्ध आहेत. अकरावीचे पदार्थविज्ञान जड जाते ते बहुधा गणितापायी. बीजगणित व त्रिकोणमिती कच्ची राहिली की वेग, बल यांची सूत्रे नुसती घोकावी लागतात. तेव्हा नववी-दहावीचे गणित पुरते सोडविल्यावाचून पुढे जाऊ नये.

धडा वाचताना जेथे अडेल तेथेच व्हिडिओकडे वळावे. खान अकॅडमीचे हिंदी पाठ लहान व क्रमवार असून त्यांसोबत सरावाची उदाहरणे असतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आय.आय.टी. संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली सुरू केलेली एन.पी.टी.ई.एल.ची व्याख्याने आहेत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ योजनेतही (२०१७) शिकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क असते. मोबाइलला रेंज नसेल तेथे ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्या उपयोगी पडतात.

प्रयोगशाळेवाचून पदार्थविज्ञान कसे शिकावे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या नर्मदाकाठीच मिळालेले आहे. नदीपलीकडच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो चालविला व आपल्या देवास जिल्ह्यातही नेला. २००२ साली तो शाळांतून बंद करण्यात आला. परंतु त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आजही वाचावयास मिळतात. श्री. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या यांपासून आकृत्या बनविण्याची युक्ती याच उपक्रमात काढली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांतून विज्ञान शिकविणारी मराठी पुस्तकेही पुष्कळ आहेत.

एक प्रयोग आजच करून पाहावा. घरच्या तुळईला दोरा बांधून त्यास लहान दगड अडकवावा. गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर ठेवून दगडाला हलकासा झोका द्यावा. दगडाच्या दहा पुऱ्या येरझाऱ्यांस सुमारे वीस सेकंद लागतील. आता तेच अंतर पंचवीस सेंटिमीटर करावे; दहाच सेकंद पुरतील. लांबी चौथाई झाली, वेळ मात्र निम्माच झाला. असे का, हा प्रश्न मनात उभा राहिला की लंबकाच्या सूत्रातील वर्गमुळाचा अर्थ आपोआप उलगडू लागतो.

एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. दुसऱ्याने उदाहरण सोडविलेले पाहिले म्हणजे आपल्याला ते आले, असा भास होतो. व्हिडिओ थांबवावा, मोबाइल पालथा ठेवावा आणि तेच उदाहरण वहीत स्वतः सोडवावे. अडलेले प्रश्न वेगळे लिहून आठवड्यातून एकदा शाळेतील शिक्षकांना विचारावेत. शक्य तर दोघातिघांनी मिळून अभ्यास करावा; दुसऱ्यास समजावून सांगताना आपले कच्चे दुवे उघडे पडतात.

आईबापांच्या वाट्याला यात थोडेच काम येते. घरात मोबाइल एकच असेल तर संध्याकाळचा एक तास तो अभ्यासासाठी राखून ठेवावा, आणि त्या तासात मुलीला चुलीपाशी हाक मारू नये. इंदूरला पाठविणे प्रत्येकाला साधणार नाही. एवढा एक तास मात्र प्रत्येक घराला देता येईल.