आजीच्या आईचे पांढरे लुगडे

आमच्या घरी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांखाली एक लहानसा फोटो आहे. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेला. माझ्या आजीच्या आईचा हा एकुलता एक फोटो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो बांधवांना दिली. त्यानंतर चार दिवसांनी तो एका स्टुडिओत काढलेला. आजी तेव्हा आठ वर्षांची होती.

मी चित्रकलेच्या पदवीची विद्यार्थिनी. यंदा आम्हाला डिजिटल माध्यम हा विषय आला आणि ब्रशाच्या जोडीला हातात संगणक आला. नव्या उत्साहात मी ठरवले की, भीमजयंतीला आजीला तिच्या आईचा रंगीत फोटो भेट द्यायचा. फोटो स्कॅन करून रंग भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकला. मिनिटभरात चित्र तयार! गुलाबी लुगडे, गोरापान चेहरा. मला ते फार आवडले. फ्रेम करून आजीच्या हाती दिले.

आजीने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “हे कोण होय बाई? माही माय इतकी गोरी कधी होती? अन् लुगडं तं पांढरं होतं. दीक्षेले जाचं म्हणून बापानं गिरणीच्या पगारातून घेऊन देल्लं होतं.”

मी गप्प झाले. दीक्षेला आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून गेली होती. जुने ओझे टाकून नव्या जीवनात पाऊल ठेवल्याची ती खूण होती. पोटाला चिमटा घेऊन आणलेली ती खूण मी एका बटनाने पुसून टाकली होती.

असे का झाले, हे मी शिक्षकांकडून समजून घेतले. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. त्या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल फोटोत प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा असतो. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. रंगीत चित्रात लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे लागतात आणि त्यांच्या मिश्रणातून 1 कोटी 67 लाखांवर रंग होतात. आमच्या फोटोत उजेड आणि अंधार तेवढा नोंदला गेला होता. रंग नोंदलाच नव्हता. फिकट राखाडी ठिकाणी पांढरे कापड असू शकते, तसे गुलाबीही असू शकते. प्रोग्रॅमने आधी पाहिलेल्या असंख्य फोटोंवरून फक्त अंदाज बांधला. आणि ज्यांचे फोटो त्याला जास्त दाखवले असतील, त्यांच्याकडेच त्याचा अंदाज झुकतो.

हा अनुभव एकट्या आपल्या समाजाचा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉय बुओलाम्विनी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी शिकत होती. चेहरा शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तिचा चेहरा दिसेना. तिने पांढरा मुखवटा लावला, तेव्हा दिसला! ती रडत बसली नाही. टिमनिट गेब्रू या संशोधिकेसह तिने 2018 साली असे तीन प्रोग्रॅम तपासून निष्कर्ष जगापुढे मांडले. फोटोवरून स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर 0.8 टक्के होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत त्या 34.7 टक्क्यांपर्यंत गेल्या. यानंतर काही कंपन्यांनी आपले प्रोग्रॅम सुधारले. अभ्यास करून जाब विचारला, म्हणून हे घडले.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की, कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. संगणकाने दाखवलेल्या चित्रालाही हीच कसोटी लावायला हवी. आज तर कधी न घडलेल्या प्रसंगांचे फोटोही यंत्र बनवून देते. बाबासाहेबांचे असे फोटो आपणही कौतुकाने एकमेकांना पाठवतो. उद्या मुलांना त्यातला खरा कोणता, हे कोण सांगणार?

मग मी पुन्हा कामाला बसले. मूळ प्रतीला हात न लावता तिच्या नकलेवर, आजीला शेजारी बसवून, एकेक रंग स्वतः भरला. चेहरा आजीच्या आठवणीतला सावळा केला. लुगडे पांढरे केले. काठाचा रंग मात्र आजीला आठवेना. तो मी राखाडीच ठेवला. फोटोमागे लिहिले की, रंग आजीच्या सांगण्यावरून भरले आहेत, काठाचा रंग माहीत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातल्या पेट्यांमध्ये असे फोटो असतील. ते 600 डीपीआयवर स्कॅन करा. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा, दुसरी नक्कल वेगळ्या ठिकाणी जपा. आणि वडीलधारी मंडळी आहेत तोवर नावे, गावे, साल विचारून लिहून घ्या. आपल्या माणसांचा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवला नाही. निदान आहे तो आपल्या हातून बदलू नये.

नवा फोटो पाहून आजी इतकेच म्हणाली, “हे आता माही माय होय.”

जयभीम!