पतंगाची ओढ आणि वेगाचें माप

संक्रांतीच्या दिवसांत ज्यानें गच्चीवर पतंग उडविला आहे, त्याला वाऱ्याची ओढ निराळी सांगावयास नको. हीच ओढ अनेक पटींनीं वाढवून मनुष्याला पाण्यावरून पळविणारा एक खेळ आज जगांतील अनेक किनाऱ्यांवर चालतो. त्याला काइटसर्फिंग म्हणतात. खेळाडू पायांखालीं एक फळी घेतो, कमरेच्या पट्ट्याला कित्येक चौरस मीटरांचा पतंग अडकवितो, आणि वाऱ्याला आडवा होऊन पाणी कापीत निघतो.

या खेळांतील वेग ऐकून आश्चर्य वाटेल. २००८ सालच्या ऑक्टोबरांत, आफ्रिकेंतील नामिबिया देशाच्या किनाऱ्यावर ल्यूडरिट्झ येथें, सेबास्तियां कातेलां या फ्रेंच खेळाडूनें ५०० मीटरांच्या टप्प्यावर सरासरी ५०.२६ नॉट वेग गांठला. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, अर्थात् १.८५२ किलोमीटर. शिडाच्या वा पतंगाच्या बळावर पन्नास नॉटांची मर्यादा ओलांडणारा हा पहिलाच मनुष्य. परंतु त्याच महिन्यांत, त्याच पाण्यावर, त्याचाच देशबांधव अलेक्सांद्र केझर्ग यानें ५०.५७ नॉटांची नोंद केली.

आतां थोडें गणित करूं. पहिल्याला ५०० मीटर तोडण्यास सुमारें १९.३४ सेकंद लागले, दुसऱ्याला १९.२२. दोघांत अंतर सेकंदाच्या आठव्या भागाइतकें. दोघे एकदम निघाले असते, तर शेवटच्या रेषेवर एक दुसऱ्याच्या जेमतेम ३ मीटर पुढें असता. विक्रमाचा मान या तीन मीटरांवर ठरला. मग असा वेग मोजणारें साधन किती खरें बोलतें, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाहीं.

अधिकृत विक्रम मंडळाच्या देखरेखीखालीं नोंदले जातात. परंतु रोजच्या सरावांत खेळाडू दंडावर वा शिरस्त्राणावर उपग्रहांकडून संदेश घेणारें एक लहानसें यंत्र बांधतात. जी. पी. एस. या नांवानें तें सर्वांस परिचित आहे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह अत्यंत अचूक घड्याळें बाळगून आपली वेळ सतत कळवीत असतात. संदेश पोंचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहाचें अंतर काढतें, आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपलें स्थान ठरवितें. या स्थानांत कांहीं मीटरांची चूक राहणें अगदीं स्वाभाविक आहे.

वेग काढण्याची पहिली रीत कोणालाहि सुचेल अशी आहे. या सेकंदाला कोठें होतों आणि पुढच्या सेकंदाला कोठें आहें, यांतील अंतर पाहावें. परंतु यांत एक धोका आहे. सेकंदाला २६ मीटर धांवणाऱ्या मनुष्याचें स्थान जर एका क्षणीं ३ मीटर पुढें दाखविलें गेलें, तर त्या सेकंदापुरता त्याचा वेग जवळजवळ ६ नॉटांनीं फुगतो! खेळाडूनें कांहींच केलें नाहीं, आणि विक्रम मात्र झाला.

दुसरी रीत अधिक सूक्ष्म आहे. स्टेशनावर न थांबणारी मेल शिटी वाजवीत येते, तेव्हां सूर चढा लागतो. ती पुढें निघून गेली कीं तोच सूर उतरतो. १८४२ साली ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ डॉप्लर यानें या प्रकाराची उपपत्ति मांडली. उपग्रहाचे रेडिओ-संदेशहि असेच बदलतात. सेकंदाला सुमारें १५७ कोटि ५४ लक्ष कंपनें, हा त्यांचा मूळ सूर. उपग्रहाच्या रोखानें सेकंदाला २६ मीटर वेगानें गेल्यास त्यांत सुमारें १३७ कंपनांची भर पडते. उपग्रहाची स्वतःची गति ठाऊक असल्यानें तिचा परिणाम वजा करतां येतो, आणि उरतो तो आपला वेग. येथें स्थानाच्या वजाबाकीची गरज नाहीं. आकाश मोकळें असतां या रीतीनें होणारी चूक सेकंदाला दहा सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे सुमारें ०.२ नॉट, इतकीच राहूं शकते. म्हणूनच जाणते खेळाडू या रीतीनें नोंद ठेवणारेंच यंत्र पसंत करतात.

तरीहि सावध राहावें लागतें. हे संदेश पाण्यांतून जात नाहींत. खेळाडू पडून बुडाला कीं यंत्र आंधळें होतें, आणि वर येतांच क्षणभर भलतेच आंकडे दाखवूं शकतें. शिवाय यंत्र फळीचा वेग मोजीत नसून स्वतःचा मोजतें. हात झटकला कीं तो झटकाहि वेगांत जमा होतो. तें जमिनीच्या मानानें वेग सांगतें. पाण्याला प्रवाह असेल तर त्याचा वाटा त्यांत आलाच.

सर्वांत फसवा म्हणजे यंत्रानें दाखविलेला दिवसाचा सर्वोच्च वेग. दोन तासांच्या खेळांत हजारों मापें घेतलीं जातात. कांहीं खऱ्याहून कमी, कांहीं जास्त. त्यांतील मोठ्यांत मोठें तेवढें उचललें, तर बहुधा ज्यांत चूक वरच्या बाजूला गेली आहे असेंच माप हातीं लागतें. तराजूचा कांटा हलत असतां तो गिऱ्हाइकाच्या विरुद्ध झुकेल तेव्हांच वजन वाचणाऱ्या वाण्यासारखा हा हिशेब झाला. म्हणून दहा सेकंदांची किंवा ५०० मीटरांची सरासरी घेण्याचा प्रघात पडला आहे. सरासरींत इकडच्या-तिकडच्या चुका पुष्कळशा एकमेकींस खाऊन टाकतात.

केझर्गनें २०१७ साली फ्रान्समध्यें ५७.९७ नॉट, म्हणजे तासाला १०७ किलोमीटरांहून अधिक वेग नोंदविला. तोहि ५०० मीटरांची सरासरी होता, एका क्षणाची उसळी नव्हे. आपल्या खिशांतील फोनहि सकाळच्या फेरफटक्याचा वेग याच उपग्रहांच्या साह्यानें सांगतो. तो एकाएकीं धांवपटूचा वेग दाखवूं लागला, तर अभिमान बाळगण्यापूर्वीं किती अंतराची सरासरी आहे, तेवढें पाहून घ्यावें.