इशारा कुणासाठी होता?

चेंबूरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. वय ५१, पाळी जाऊन वर्ष झालं. जानेवारीत हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात बाकीच्या ओढण्या गुंडाळून बसतात, तेव्हा यांच्या मानेवरून घामाच्या धारा वाहतात; रात्री गाऊन बदलावा लागतो. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचा जेल लिहून दिला, पण ‘त्यानं कॅन्सर होतो’ असं नणंदेनं बजावलं. आता अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचा चौकटीतला कडक इशारा बराचसा काढून टाकायचं जाहीर केलं आहे. मग ऐकायचं कुणाचं?

नणंदेची भीती जुलै २००२ मधली आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीतला इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन तपासणारा गट तेव्हा मुदतीआधी थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. ‘स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला’ हा मथळा जगभर गेला. तोच हिशेब असाही मांडता येतो: वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० ऐवजी ३८. आठ बायका म्हणजे आठ घरं, तो धोका खराच. पण या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं उलटलेली. गोळीही गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची, पोटातून यकृतात जाणारी. जेलमधलं एस्ट्रॅडिऑल त्वचेतून रक्तात उतरतं. यकृतावरचा पहिला मारा टळतो, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी.

साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर त्रास असलेल्या निरोगी बाईसाठी फायद्याचं पारडं सहसा जड असतं. गर्भाशय शाबूत असेल, तर जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच. नाहीतर आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका संभवतो. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळ्या होऊन गेल्या असतील, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हा मार्ग सहसा बंद. आणि इशारा गेला म्हणून ‘हृदय आणि स्मरणशक्ती जपायला हार्मोन घ्या’ असा जो उत्साह सुरू झालाय, तो मला पटत नाही. पुरावा अजून तिथवर पोचलेला नाही.

ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही, त्यांच्यासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटंट ही हार्मोन नसलेली गोळी आली. तिच्या मुळाशी अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नाओमी रान्स यांचं काम आहे. शवविच्छेदनातले मेंदू तपासताना त्यांना १९९० च्या सुमारास दिसलं, की पाळी गेलेल्या बायकांच्या हायपोथॅलॅमसमधल्या ठरावीक चेतापेशी फुगलेल्या असतात. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की या पेशी न्यूरोकायनिन बी भरमसाट तयार करतात, आणि शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र उगाचच घाम काढायला लागतं. ‘मनाचे खेळ’ म्हणून बायकांना गप्प केलेल्या वाफांचा पत्ता या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधला! गोळीचं नाव सर्वत्र छापून आलं. रान्स यांचं किती जणांनी वाचलं?

‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीतला दुसरा गट तर चर्चेत जवळपास आलाच नाही. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायका, निम्म्यांना नुसतं इस्ट्रोजेन. पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यानं तोही २००४ मध्ये थांबवला. पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पुढच्या पाहणीत तर कमीच आढळला.

महाराष्ट्रात ‘पिशवी काढलेल्या’ म्हटलं की बीडच्या ऊसतोड बायका आठवतात. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर २०१९ मध्ये आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहातली एक. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. खाडा झाला की मुकादम दंड कापणार. पाळीचा त्रास आणि कॅन्सरची दाखवलेली भीती यांतून कित्येकींनी ऐन तारुण्यात टेबल गाठलं. अंडाशयंही काढली असतील, तर तिशीतच इस्ट्रोजेन एकदम संपतं आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. इथे वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही: दुसरी अडचण नसेल, तर अशा बाईला नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं. अंडाशयं ठेवली असली, तरी ती लवकर थकू शकतात.

चेंबूरच्या बाईंनी जेलबद्दल पुन्हा डॉक्टरांकडे जावं, नणंदेलाही बरोबर न्यावं. आणि ज्यांच्या घरात, चाळीत, कामावर कुणाची पिशवी लहान वयात काढली असेल, त्यांनी तिचं डिस्चार्ज कार्ड शोधून अंडाशयं काढली की ठेवली, एवढं वाचून घ्यावं. कार्ड हरवलं असेल, तर सोनोग्राफी आणि एफएसएच या रक्ततपासणीवरून डॉक्टरांना अंदाज येतो.