आमच्या ताटांतील दूरचे पाहुणे

डब्यांत पाव अगर बिस्किटें आणणारा विद्यार्थी सुधारलेला आणि नागलीची भाकर आणणारा गांवढळ, अशी एक समजूत आमच्या मुलामुलींत रूढ होऊं पाहत आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

जव्हार तालुक्यांतील साखरशेत गांवचें साधें जेवण घ्या: नागलीची भाकर, उडदाचें वरण, खुरासणीची चटणी आणि तोंडीं लावावयास मिरची. याहून अस्सल देशी जेवण तें कोणतें, असें कोणीही म्हणेल. परंतु यांतील उडीद तेवढा मूळचा या देशाचा. नागली पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलुखांतून हजारों वर्षांपूर्वीं इकडे आली. खुरासणीचें मूळही आफ्रिकेंतील इथिओपिया देशांत आहे. उतारावरील हलक्या जमिनींत हीं दोन्ही पिकें तग धरतात, म्हणून तीं आमच्या वरकस रानांत रुजलीं.

मिरचीचा प्रवास याहूनही लांबचा. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस पूर्वेकडील मसाल्यांच्या शोधांत निघाला आणि पोहोंचला कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर. तेथील लोक जेवणांत एक तिखट फळ वापरीत. पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें आमच्या किनाऱ्यास आणिलें. मिरीसारखें तिखट, म्हणून त्यास नांव मिळालें मिरची. तत्पूर्वीं आमच्या पूर्वजांचें तिखट म्हणजे मिरी, पिंपळी व आलें. मिरीच्या वेलास दमट हवा व झाडाचा आधार लागतो. मिरची मात्र चिमूटभर बियांपासून कोणाच्याही परसांत वाढते. गरिबाच्या भाकरीस स्वस्त चव मिळाली ती अशी. 'बटाटा' हा शब्दही मूळ त्याच बेटांतला. तेथें त्याचा अर्थ रताळें असा होता. उपवासाची खिचडी पाहा! शेंगदाणे, मिरची, बटाटा आणि ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंद, हीं चारही अमेरिका खंडाचीं देणीं होत.

हा व्यवहार एकमार्गी नव्हता. मूळचा आशियांतील ऊंस कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत त्या बेटांवर नेला. तेथील साखरेच्या गोडीमागें मोठें दुःख आहे. आफ्रिकेंतून धरून नेलेल्या गुलामांस त्या मळ्यांत राबावें लागे. इंग्रजांच्या बेटांतील गुलाम १८३८ सालीं पूर्ण मुक्त झाल्यावर मळेवाल्यांनीं हिंदी मजूर करारानें नेले; त्यांचें पहिलें जहाज ३० मे १८४५ रोजीं त्रिनिदाद बेटास लागलें. त्यांच्या वंशजांच्या घरीं आजही डाळपुरी होते. तेथील 'कॅलालू' नांवाची भाजी अळूचीं पानें, भेंडी व नारळाचें दूध घालून शिजवितात. आमच्या अळूच्या फदफद्याची ती दूरची बहीणच होय.

तेव्हां देशी कीं परदेशी, यावरून अन्नाची थोरवी ठरत नाहीं. तें अंगास काय देतें, यावरून ठरते. शंभर ग्रॅम नागलींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पावाच्या मैद्यांत तें त्याहून पुष्कळच कमी असतें. वाढत्या मुलांच्या हाडांस तेंच हवें असतें. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, डब्यांत नागलीची भाकर देतांना त्यांनीं संकोच मानूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं जेवणापूर्वीं परमेश्वराचे आभार मानतांना, ज्या अनोळखी शेतकऱ्यांनीं, खलाशांनीं व मजुरांनीं ही चव आपल्यापर्यंत पोहोंचविली, त्यांचेंही स्मरण करावें.